जात लिहिली, जागा लिहिली नाही

(यवतमाळ येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. छापताना बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फळ्यावर वाचून काही जण हसले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आता मढी उकरायची काय?" उकरायची नाहीत. पण ती कुठं पुरली ते विचारायचं आहे. आणि हे विचारणं म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रिकामपणचं काम नाही, आपल्या लढ्याचंच काम आहे, एवढं सांगायला मी उभा आहे.

सुरुवात तुमच्यापासून करतो. इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी जात पडताळणीसाठी तहसिलीच्या चकरा मारल्यात? बघा, जवळजवळ सगळे हात वर. आपल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आज्याचा शाळेचा दाखला असला तर निभावतं. पण ज्याच्या आज्याला शाळेच्या पायरीवर कुणी उभं केलं नाही, त्यानं काय करायचं? त्यानं कोतवाल बुकाची नक्कल काढायची. तुम्ही अर्ज केला, फी भरली, आठ-पंधरा दिवस हेलपाटे घातले. नक्कल हातात आली. जातीच्या रकान्यात हवा तो शब्द दिसला आणि जीव भांड्यात पडला. झेरॉक्स काढली, सही-शिक्का घेतला, फाइलला टाचली, संपलं.

आता मला सांगा, त्या ओळीत आणखी काय लिहिलं होतं?

कुणाला आठवत नाही. मी सांगतो. त्या ओळीत तुमच्या घरातलं एक माणूस मेल्याची तारीख होती. त्याच्या बापाचं नाव होतं. वय होतं. कशानं मेलं ते होतं. तुमच्या हातात तुमच्या आज्या-पणज्याच्या मरणाची चिठ्ठी होती, आणि व्यवस्थेनं आपल्याला असं घडवलंय की त्या चिठ्ठीतला जातीचा तेवढा शब्द आपण वाचला. सरकारला तेवढाच हवा होता, म्हणून आपल्यालाही तेवढाच दिसला.

हे कोतवाल बुक काय चीज आहे ते नीट समजून घ्या. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या विदर्भात गावोगाव जन्म-मरणाची वही ठेवली जायची. ठाण्यात-कचेरीत वर्दी पोचवणारा गावाचा कोतवाल, आणि कितीतरी गावांत हा कोतवाल म्हणजे आपलाच माणूस. लिहिणारा वेगळा, वर्दी देणारा वेगळा. मेलेल्याची खबर घेऊन चार गावं पायाखाली घालायची आपण. सरणाची लाकडं फोडायची आपण. मढ्यावरचं कापड हक्क म्हणून उचलायचं आपण. मेलेलं ढोर ओढायचं आपण. साऱ्या गावाच्या मरणाचं ओझं ज्यांच्या डोक्यावर, त्यांचं स्वतःचं मरण कुठल्या मातीत गेलं हे मात्र कुणी लिहिलं नाही. वहीत रकाना आहे जातीचा. रोगाचा आहे. स्त्री का पुरुष याचा आहे. कुठं पुरलं याचा रकानाच नाही. आपली जात लिहिली, जागा लिहिली नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती माझी एकट्याची नाही, म्हणून सांगतो. याच जिल्ह्यातलं गाव आहे. नाव घेत नाही, कारण ती जमीन आज एका माणसाच्या सातबाऱ्यावर आहे आणि बोलणी चालू आहेत.

माझा पणजा १९१८ साली गेला. घरात एवढंच माहीत होतं की "मानमोडीत गेला". मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, जून १९१८ मध्ये, तो मुंबई बंदरात उतरला. पहिला झपाटा ओसरला. दुसरा पावसाळ्याच्या अखेरीला आला आणि त्यानं देश झोपवला. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे हिंदुस्थानातल्या सगळ्यांत जबर तडाखा बसलेल्या मुलखांपैकी. त्यात त्या साली पाऊसही बुडाला होता. देशात एक कोटीच्या पुढं माणसं गेली असं अभ्यासक म्हणतात. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ साली २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ साली २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत माणसं वाढायची ती घटली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असं दशक दुसरं नाही.

आता हे आकडे गावच्या वहीत कसे दिसतात? नक्कल काढायला गेलो तेव्हा मी मूळ वही बघायला मागितली. बऱ्याच खटपटीनंतर पानं बघायला मिळाली. ऑक्टोबर १९१८. रोगाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप. ताप. ताप. इन्फ्लुएंझा हा शब्द गावात पोचला नव्हता, माणसं मात्र पोचली होती मसनात. पणज्याचं नाव घरात आम्ही पूर्ण घेतो. वहीत ते तोडून, मागं 'या' लावून लिहिलंय, जसं गडीमाणसाला हाक मारायची असते तसं. पुढं 'वल्द' आणि बापाचं नाव, तेही तसंच तोडलेलं. त्या बापाच्या नावावरूनच ओळख पटली, कारण त्याच नावाची दुसरी दोन माणसं त्या वहीत होती. तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली.

नक्कल मिळाली होती, काम झालं होतं. पण मी पान उलटलं नाही, खालच्या ओळी वाचत गेलो. तीन दिवसांनंतरची एक ओळ. बापाच्या रकान्यात माझ्या पणज्याचं नाव. जात तीच. वय सहा महिने. मुलगी. नावाच्या जागी आडवी रेघ. रोग: ताप.

मित्रांनो, माझ्या आज्याला एक धाकटी बहीण होती, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आज्याला स्वतःला आठवत नसावं, तो तेव्हा चार वर्षांचा. शंभर वर्षं ती मुलगी त्या वहीत पडून होती आणि तिचा विचारणारा कुणी नव्हता. जातीचा दाखला काढून मी परत फिरलो असतो तर आजही नसता. म्हणून म्हणतो, आपलं एक नाव सापडलं की वही मिटू नका. वरची-खालची पानं वाचा. त्या महिन्यातलं आपल्या वस्तीतलं सगळं मरण वाचा.

तारीख कळली. जागा? जागा कागदात नव्हती, ती माणसात होती. आमच्या बौद्धपुऱ्यात नव्वदी गाठलेली एक म्हातारी आहे. तिनंही डोळ्यानं काही बघितलेलं नाही, सासूकडून ऐकलेलं. ती काय म्हणाली ते तिच्याच बोलीत सांगतो.

"माही सासू सांगे बापू, त्या साली सकाळी एकाले नेलं का संध्याकाळी नेणाराच मरे. दिवाळीच्या आंगंमांगंची गोष्ट. तुह्या आज्याचा बाप नाल्याच्या वरल्या अंगाले हाये. खड्डा कमरीइतकाच खंदला, खंदणाऱ्याच्या अंगातच ताप. वरतून गोटे ठेवले, कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नाई म्हणून. आता तेथं पऱ्हाटी हाये."

दिवाळीच्या मागंपुढं, असं ती म्हणाली. १९१८ ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. वहीतली तारीख ऑक्टोबरची अखेर. लिहिता न येणाऱ्या बायांनी तोंडातोंडी जपलेली तारीख आणि सरकारी वही, दोन्ही एकमेकांना येऊन मिळाल्या. आपल्या बाया खोटं सांगतात, म्हाताऱ्या बडबडतात, असं मानणाऱ्या शिकलेल्या पोरांनी हे ध्यानात घ्यावं. त्या लहान मुलीचं मी विचारलं. म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लेकरायचं कोन सांगे गा." तेवढंच.

नाल्याच्या वरल्या अंगाला गेलो. पऱ्हाटी उभी होती. कबर-बिबर काही नाही. पण धुऱ्यावर गोट्यांची रास होती. काळ्या जमिनीत एवढे गोटे आपोआप येत नाहीत. कुणीतरी आणून ठेवलेले, मग कुणीतरी नांगराला आडवे येतात म्हणून उचलून धुऱ्यावर टाकलेले. शेताचा धनी भला माणूस. चार-पाच एकराचा कास्तकार, कर्जानं वाकलेला. तो म्हणाला, "बापानं वावर घेतलं तवा गोटे होते खरे. पण मसन आहे असं कोणी सांगितलं नाही. कागद दाखवा." त्याचं म्हणणं चूक नाही. ज्यांच्या हाती कागद, त्यांचीच जमीन, हा कायदा त्यानं केलेला नाही.

मग कागद शोधला. तुम्हाला शोधायचा तर कसा, ते जरा तपशिलानं सांगतो, कारण पोकळ घोषणा आपण पुष्कळ दिल्या.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६० नंतर इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. मोजणीचे नकाशे, टिपण, गुणाकार बुक हे भूमी अभिलेख कचेरीत असतात. गावनकाशावर नाला, पांदण, विहीर यांच्याबरोबर मसनवट्याचीही खूण असू शकते. पहिल्यांदा आपल्या गावचा जुन्यात जुना नकाशा काढा. एक लक्षात ठेवा. १९०५ च्या आधी हा जिल्हा 'वणी' नावानं ओळखला जायचा, आणि पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. 'यवतमाळ जिल्हा' एवढंच म्हणून जुने कागद मागाल तर "सापडत नाही" हे उत्तर ठरलेलं. कागद मोडीत असला तर घाबरू नका. मोडी शिकता येते, आपल्यातल्या दोघा-तिघांनी शिकलीच पाहिजे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपला इतिहास किती दिवस वाचायचा?

नकाशानंतर सातबारा. सातबाऱ्यात 'पोटखराब' म्हणून नोंद असते. तिचे दोन वर्ग. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, रस्ता, पाण्याचा प्रवाह, आणि कुठल्याही समाजाची दफनाची किंवा दहनाची जागा. होय, दफनाची. म्हणजे वावर एखाद्याच्या नावावर असलं तरी त्याच्या पोटात आपलं मसन असू शकतं, आणि कायद्याला ते ठाऊक आहे. तिसरा कागद निस्तार पत्रक. गावकऱ्यांना सरकारी जमिनीचा कशासाठी कसा वापर करता येतो ते त्यात असतं. सोबत वाजिब-उल-अर्ज, त्यात गावाच्या वहिवाटी असतात. ही दोन नावं मुंबई-पुण्याच्या पोरांनी ऐकलेली नसतील, विदर्भातल्यांनी तरी ऐकावीत. आणि चौथी गोष्ट ई-क्लास. वऱ्हाडात आपली मसनं पुष्कळदा ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर असत. ई-क्लासवर अतिक्रमणं झाली, वाटप झालं, लेआउट पडले, आणि त्याखाली कोण निजलंय हे कुणी विचारलं नाही.

आमच्या गावच्या जुन्या नकाशावर नाल्याच्या वरल्या अंगाला मसनाची खूण निघाली. सातबाऱ्यावर त्याच गटात थोडी पोटखराब 'ब' निघाली. वही, म्हातारी, गोटे, नकाशा, सातबारा, पाच साक्षी एका ठिकाणी आल्या. पणज्याची कबर सापडली का? नाही. ती कुठल्या ताशी आहे ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण आपल्या वस्तीचं मसन सापडलं. आणि मला वाटतं, आपल्या लोकांच्या बाबतीत शोध बहुतेकदा इथपर्यंतच जाईल. एकाची कबर शोधायला निघावं आणि साऱ्या वस्तीची माती सापडावी. यात मला कमीपणा वाटत नाही.

आता त्या मागच्या बाकावरच्या मित्राकडे येतो. त्याचा खरा प्रश्न असा आहे की, आपण बौद्ध. आत्मा मानत नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला इथं शेजारी चांद्याला दीक्षा दिली, तेव्हा श्राद्ध-पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आपल्या लोकांनी केली. मग पूर्वजांच्या मातीचा सोस कशाला?

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर सरळ आहे. आपल्याला तिथं पिंड ठेवायचा नाही, नवस बोलायचा नाही, म्हसोबा मांडायचा नाही. कुणी मांडायला लागला तर त्याचा हात पहिल्यांदा मी धरीन. पण मेलेल्याची आठवण ठेवणं आणि मेलेल्याची पूजा करणं या दोन गोष्टी आहेत. सांचीचे स्तूप काय आहेत? १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रजांनी तिथला एक स्तूप उघडला. आत दोन दगडी पेट्या. झाकणांवर नावं कोरलेली: एकीवर सारिपुत्त, दुसरीवर महामोग्गल्लान. बुद्धाचे दोन पट्टशिष्य. दोन हजार वर्षांनंतर त्यांची ओळख कशी पटली? कुणीतरी झाकणावर नाव लिहून ठेवलं होतं म्हणून. त्या अस्थी विलायतेला गेल्या, परत आल्या, आणि १९५२ साली सांचीला नव्या विहारात ठेवल्या गेल्या. एवढा मोठा आठवणीचा वारसा ज्या धम्माचा, त्या धम्मानं आपल्याला आपली माणसं विसरायला सांगितलं असं कुणी म्हणू नये.

आणि ज्यांच्या पेटीवर नाव नसतं, त्यांचं काय होतं? त्यांचा चोखोबा होतो. चोखामेळा आपल्या विदर्भाचा, बुलढाण्याकडच्या मेहुणा राजाचा, असं मानतात. मंगळवेढ्याला वेठबिगारीत गावकुसाचं काम चाललं होतं. १३३८ साली ते कूस कोसळलं आणि त्याखाली मजूर गाडले गेले, चोखोबा त्यांत. ज्या कुसाच्या आत त्याला घर नव्हतं, तेच त्याच्या अंगावर पडलं. मग नामदेव आले. ढिगाऱ्यात हाडंच हाडं. चोखोबाची कुठली? कथा सांगते की ज्या हाडातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू आलं ती त्याची. ती पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर पुरली. आत नाही. दारासमोर. ते दार आपल्यासाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपास करावा लागला. सहाशे वर्षं चोखोबा दारात.

ही कथा लहानपणी ऐकली की डोळे भरून यायचे. आज ऐकतो तेव्हा मला दुसरंच ऐकू येतं. त्या ढिगाऱ्यात चोखोबाबरोबर जे मजूर होते त्यांची हाडं कुठं गेली? ती बोलली नाहीत म्हणून तशीच राहिली? ज्याचं हाड देवाचं नाव घेईल त्यालाच समाधी, हा हिशेब आपण मानायचा का? माझ्या पणज्याच्या हाडातून काही ऐकू येत नाही. त्या सहा महिन्यांच्या पोरीला तर बोलताच येत नव्हतं. तरी ती आमची आहेत. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी जे पुस्तक लिहिलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं. आपण कुणाचे हे त्यांनी पहिल्याच पानावर लिहून टाकलं. आपण आपल्या पानावर काय लिहिणार?

कुणी म्हणेल, मातीत एवढं काय आहे? माती एवढी बिनमहत्त्वाची असती तर तिच्यावरून डोकी फुटली नसती. वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आहे, आणि तिथंच गोविंद गोपाळ यांची. महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार या महाराने केले, असं आपली परंपरा सांगते. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस त्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला. आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जे घडलं ते तुम्ही बघितलंय, काहींनी अंगावर झेललंय. कुणाच्या मातीशेजारी कुणाचं नाव लिहायचं, हा प्रश्न किती जिवंत आहे ते आणखी काय सांगू?

समुद्रापलीकडंही हेच. आपल्या चळवळीनं अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून लढायचं शिकून घेतलं, तर हेही शिकून घेऊ. १९९१ साली न्यूयॉर्क शहरात एका सरकारी इमारतीचा पाया खणताना हाडं लागली. ती गुलामांची दफनभूमी होती. गोऱ्यांच्या दफनभूमीत त्यांना जागा नव्हती म्हणून शहराच्या हद्दीबाहेर पुरलेले, अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. वर शहर वाढलं, रस्ते झाले, इमारती झाल्या, लोक विसरले. पंधरा हजारांच्या आसपास माणसं तिथं असावीत असा अंदाज आहे. इमारतीचं काम रेटायचा प्रयत्न झाला. काळ्या वस्तीतले लोक रस्त्यावर उतरले. काम थांबलं. वर काढलेले ४१९ देह २००३ साली सन्मानानं परत मातीत ठेवले, आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. त्या ४१९ मध्ये कोण कुणाचा पणजा हे कुणाला माहीत नाही. नावं नाहीत. तरी त्यांनी सांगितलं, ही आमची. जागा मिळवली.

आपल्याकडं वेळ कमी आहे. यवतमाळचं नाव पेपरात येतं ते कास्तकाराच्या मरणासाठी. मेल्यावर त्याच्या मातीचं काय होतं हे कुणी छापत नाही. वणीकडं कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. उकणीला जाऊन बघा, जमिनीचं पोट कसं बाहेर काढलंय. पैनगंगेवर इसापूरचं धरण झालं, इकडं अरुणावती झालं, बेंबळा झालं. गावं उठली. पुनर्वसनाच्या कागदात घर मोजतात, विहीर मोजतात, झाड मोजतात. मसन मोजा असं आपल्यापैकी किती जणांनी सांगितलं? पाण्याखाली गेलेलं मसन परत येत नाही. आणि हा निव्वळ मेलेल्यांचा प्रश्न नाही. १९५६ नंतर आपण बहुतेक ठिकाणी जाळायला लागलो, तरी लहान लेकरू गेलं तर अजून पुरतोच. अजूनही कितीतरी गावांत आपल्या मयताला रस्ता अडवला जातो, पावसात ताडपत्री धरून सरण पेटवावं लागतं. जुनी जागा कागदावर आणली तर आजच्या जागेचा हक्क मागता येतो. पणज्याचा शोध तिथं नातवाच्या उपयोगी पडतो.

तेव्हा कामं सांगतो.

पहिलं, येत्या सुट्टीत गावी जा. म्हाताऱ्या माणसांना विचारा: कोण कधी गेलं, कशानं गेलं, कुठं नेलं, कोणत्या झाडाजवळ, नाल्याच्या कोणत्या अंगाला. त्यांच्या बोलीत उतरवून घ्या, सुधारून लिहू नका. फोनमध्ये आवाज धरून ठेवा. वहीला वाळवी लागायला वेळ लागतो, म्हातारी मात्र एका रात्रीत जाते.

दुसरं, कोतवाल बुक सगळं वाचा. २०२३ पासून मराठा-कुणबी नोंदींसाठी सरकारनं अशाच जुन्या वह्या धुंडाळायला लावल्या, पानं स्कॅन केली. म्हणजे मनावर घेतलं तर वह्या निघतात. आपणही मागू. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तो वापरा. बायांच्या नोंदी खास शोधा. त्यांची नावं नसतात, 'अमक्याची बायको' असं असतं. बाळंतपणात माहेरी गेलेल्या बाईची नोंद माहेरच्या गावच्या वहीत असते, सासरी शोधून ती सापडणार नाही.

तिसरं, नकाशा, सातबारा, निस्तार पत्रक, या तिन्हींच्या नकला घ्या आणि एकमेकांवर ठेवून बघा. जागेवर जा, पण खणू नका. एक गोटासुद्धा हलवू नका. आणि जे सिद्ध होत नाही ते सिद्ध झालं म्हणून सांगू नका. कुठंतरी चौथरा बांधून "हाच आमचा पणजा" म्हणणं सोपं आहे. ज्यांनी खोट्या पोथ्या लिहिल्या त्यांच्याशी आपलं भांडण आहे, आपण खोटा चौथरा बांधायचा नाही.

चौथं, ग्रामसभेत ठराव घ्या. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकाऱ्याला सरकारी जमीन दफन-दहनासाठी राखून ठेवता येते. जिथं मसन सरकारी जमिनीत आहे तिथं या कलमाखाली अर्ज करा. जिथं ते कुणाच्या गटात पोटखराब 'ब' म्हणून आहे तिथं मोजणी मागा. कास्तकाराशी भांडू नका, त्याला शेजारी बसवून कागद दाखवा. आमच्या गावच्या त्या माणसानं या हंगामात नाल्याकडची पट्टी पेरली नाही. म्हणाला, मोजणी येईस्तोवर राहू द्या. मोजणीचा अर्ज दिला आहे. निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल, आम्ही मागे हटणार नाही.

आणि मोजणी झाली, जागा ठरली, तर तिथं काय करायचं हेही वस्तीत बसून ठरवलंय. मूर्ती नाही, मंदिर नाही, कळस नाही. एक साधा दगड. त्यावर वहीत सापडलेली त्या साथीतली आपल्या वस्तीची सगळी नावं, तोडलेली नव्हे, पूर्ण. ज्या ओळीत नावाच्या जागी रेघ आहे तिथं रेघ तशीच ठेवायची, पुढं लिहायचं: मुलगी, सहा महिने, १९१८.

जयभीम.